गल्ल्यावरचं तोंड

मी मेलेल्या सासूच्या नावानं पत्रं लिहायचे. दिवसाला पंधरा, वीस, दिवाळीच्या आधी तर चाळीससुद्धा. हे ऐकून कुणी म्हणेल, बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? होतं हो. ठिकाणावर होतं म्हणूनच अडकले. बिनडोक असते तर माझ्या सासऱ्यांनी मला त्या खुर्चीवर बसवलंच नसतं.

नीट सांगते. सांगलीत गणपती पेठेत आमचं मसाल्याचं दुकान. हळद, मिरची, बेदाणा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीत लसूण नाही, आम्ही जैन. गल्ल्यावर माझे सासरे, आप्पासो, अडतीस वर्षं बसलेले. आणि मागच्या खोलीत चटणी कांडत बसायच्या माझ्या सासूबाई. सगळी पेठ त्यांना आक्का म्हणायची. हातानं कांडायच्या आणि तोंडानं पुढच्या गिऱ्हाईकांना झाडायच्या. "काय रं, मागल्या आठवड्यात नेलीस की पावशेर! खातोस का भिंतीला लावतोस?" असं. माझं लग्न झाल्यावर दीड वर्षातच त्या गेल्या. पण दीड वर्षात मी त्यांची एवढी बोलणी खाल्ली, की दुसरीनं तीस वर्षांत खाल्ली नसतील. भाकरी जाड झाली की, "चंदनबाला, ही भाकरी हाय का बैलगाडीचं चाक?" रडायचे मी न्हाणीघरात जाऊन.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला माझा धाकटा दीर पारस पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आप्पा, आपण इंटरनेटवर दुकान टाकायचं."

आप्पा म्हणाले, "तिथं भाडं किती पडतं?"

पारसनं त्यांना दोन दिवस समजावलं. जगात कुठंही बसलेला माणूस आपलं दुकान बघू शकतो, मागणी पाठवू शकतो. मालाची यादी टाकायची, भाव टाकायचा, झालं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "यादी आनि भाव? हे दुकान न्हवं गड्या, हा रेल्वेचा बोर्ड झाला. दुकान म्हटलं की दुकानाचे नियम आले. ते पेठेत असू दे न्हाईतर आभाळात."

आणि त्यांनी नियम सांगितले. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बस म्हणायचं. मग घरचं विचारायचं, म्हातारी कशी हाय, पोरगी उजवली का. मालाचं नाव शेवटी. तळहातावर चव ठेवायची. न घेता गेला तरी चव घेऊन गेला पाहिजे. मापावर चिमूटभर जास्त पडलं पाहिजे आणि ते त्याला दिसलं पाहिजे. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो सांगताना आप्पा बोट उभं करायचे: "गल्ल्यावरचं तोंड बदलायचं न्हाई. गिऱ्हाईक मालाला येत न्हाई, तोंडाला येतं."

पारस काही मूर्ख नव्हता. त्याला ते पटलं. म्हणाला, "तोंड पायजे ना? देतो तोंड." आणि आक्कांचा फोटो काढला. माझ्याच लग्नातला होता. डोक्यावर पदर, कपाळाला आठ्या. आचाऱ्यावर ओरडता ओरडता कुणी टिपलेला. तो स्टेशन रोडवरच्या सायबर कॅफेत नेऊन मशीनवर चढवला आणि खाली लिहिलं, सांगलीच्या आक्काच्या हातची चटणी; काय हवं ते आक्काला लिहा.

मी म्हणाले, "अहो, पण त्या वारल्यात."

"वैनी, तिकडं कुणाला ठावं हाय?" पारस म्हणाला.

आप्पा पडद्यावरच्या त्या फोटोकडे बघत राहिले. कॅफेवाल्यानं तासाचे साठ रुपये लावले होते आणि त्यातली वीस मिनिटं आप्पा नुसते बघत होते.

आणि लोकांनी लिहिलं की! इंग्रजी अक्षरांतलं मराठी, वाचताना जीभ अडखळायची. शिकागोहून, सिंगापूरहून, मस्कतहून. सांगलीतली, मिरजेतली, कुपवाडातली पोरं. एक किलो चटणी, अर्धा किलो मेतकूट, पैसे आमचे वडील दुकानात आणून देतील. वडील यायचे, पैसे द्यायचे. आक्का नाहीत हे त्यांना ठाऊक असायचंच, पण म्हणायचे, लिहू द्या हो, पोराला तेवढंच बरं वाटतं.

आता उत्तरं कोण लिहिणार? पारसला स्पेलिंग यायचं, पण विचारपूस यायची नाही. आमचे हे, म्हणजे जयपाल, माणूस सोन्यासारखा, पण तोंडात मिठाची गुळणी. राहिले कोण? बी.एस्सी. बी.एड. झालेली सून.

"चार दिवस बघ जरा, चंदना," आप्पा म्हणाले.

आमच्यात सुनेला सगळं चार दिवसांसाठीच सांगतात.

चार दिवसांचे आठ महिने झाले. कॅफे परवडेना म्हणून पारसनं जुना कॉम्प्युटर घेतला आणि तो ठेवला कुठं, तर मागच्या खोलीत, आक्का जिथं कांडत बसायच्या त्याच जागी, ब्याडगी मिरचीच्या पोत्यांना टेकून. खिडकी नाही. मिरचीच्या खकाण्यानं दर दोन वाक्यांना शिंक. इंटरनेट चालू केलं की दुकानाचा फोन बंद पडायचा, म्हणून मला वेळ बांधून दिलेली: अकरा ते एक आणि तीन ते पाच. पाचला उठून स्वयंपाक, कारण आप्पा सूर्यास्ताच्या आत जेवतात. एकदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून साताऱ्याला माहेरी गेले, तर तिसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या फोनवर आप्पा. "चंदना, बावन्न पत्रं साठल्यात. मस्कतवाल्याच्या बायकोला मुलगा झाला. आक्कानं काय तरी लिहायला नगो का?" आईच्या डोळ्यावरची पट्टी निघायच्या आधी मी परत खुर्चीत.

आणि आप्पांनी आणखी एक सुरू केलं. पारस पत्रं छापून द्यायचा, आलेली आणि गेलेली. आप्पा दुपारी गल्ल्यावर बसून ती वाचायचे. एकेक, ओठ हलवत. मी लिहिलेलं, खाली "तुमची आक्का". वाचून झाली की घडी करून गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे, जिथं आक्कांची जपमाळ होती. मला ते बघवायचं नाही आणि बोलताही यायचं नाही. रागीट सासऱ्याशी भांडता येतं. हळव्या सासऱ्याशी कसं भांडायचं, सांगा.

मला जायचं होतं. हे मी इथं स्पष्ट सांगते, कारण तेव्हा घरात कुणाला सांगायची चोरी होती. साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली होती. आईच्या ऑपरेशनला गेले तेव्हाच मुलाखत देऊन आले होते, चोरून. जुलैच्या सुरुवातीला पत्र आलं. दोन ऑगस्ट, सोमवार, सकाळी साडेदहाला रुजू व्हावे. मी ते पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं आणि दिवसातून पाच वेळा पीठ चाळलं.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "आप्पा हो म्हणाले तर जा की. शनिवारी मी येत जाईन तिकडं." त्यांचं बरं होतं. हो पण त्यांचं नाही आणि नाही पण त्यांचं नाही.

मग आप्पांना सांगितलं. दुकानात, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. म्हणाले, "नोकरी चांगली हाय. शिकलेलीस तू. पर गल्ल्यावरचं तोंड..."

"आप्पा, तोंड दिसतंय कुणाला? तिथं आक्कांचा फोटो आहे. लिहितं कोण ते काय कळतंय!"

"कळतंय," आप्पा म्हणाले. "बोलायची तऱ्हा म्हंजेच तोंड." मग म्हणाले, "पोरी, मी अडतीस वर्षं बसलोय हितं. शिखरजीची यात्रा राहिली. आक्काची पन राहिली. लय मनात होतं तिच्या. दरवर्षी म्हनायची, औंदा जाऊ. मी म्हनायचो, सीझन होऊ दे. ती गेली. आमचं शिखरजी राहिलं, तर तुझं सातारा राहिलं म्हणून काय बिघडलं?"

असा राग आला म्हणता! आप्पांनी स्वतःला बांधून घेतलं, बायकोला बांधून घातलं, आणि तेच दावं आता माझ्या गळ्यात. वर माया इतकी, की दाव्याला लोणी लावून.

मी ठरवलं, ठीक आहे. गिऱ्हाईकच उरलं नाही तर तोंड कशाला लागेल? आठ महिने गोड लिहीत होते. बाळा, कसा आहेस, थंडी पडली का तिकडं, स्वेटर घाल. आता बघते म्हटलं. दुसऱ्याच दिवशी सिंगापूरच्या एका पोराचं पत्र होतं, आक्का, पार्सल अजून आलं नाही, हे तिसऱ्यांदा विचारतोय. मी बोटं मोडली आणि लिहिलं:

"विमान काय माझ्या मांडीवर बसलंय का? येईल तेव्हा येईल. आणि दोन महिन्यांत किलोभर चटणी संपवलीस? पोट आहे का पोतं? पोस्टमनची वाट बघतोस तेवढी कधी आईच्या फोनची बघितलीस का? ती बिचारी दुकानात येऊन पैसे देते आणि तुझा फोन नाही म्हणून रडते. आधी तिला फोन कर, मग मला पत्र लिही. नाहीतर लिहू नकोस."

त्या दिवशी सोळा पत्रं लिहिली. सोळाच्या सोळा अशीच. एकीला लिहिलं, मेतकूट संपलं म्हणून रडतेस, हात मोडलेत का, करायला शीक. एकाला लिहिलं, तुला माल द्यायचाच नाही, तुझा बाप इथं एकटा हॉटेलात जेवतो. पाठीचा कणा ताठ करून उठले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळं वाटलं, खरंच सांगते. दोन दिवसांत दुकान बसणार, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सिंगापूरचं उत्तर आलं. "आक्का, बारा वर्षं झाली, मला कुणी असं बोललं नाही. इथं सगळे थँक्यू आणि सॉरी म्हणतात. ऑफिसातल्या बाथरूममध्ये जाऊन रडलो. आईला फोन केला, तासभर बोललो. तीन किलो चटणी पाठवा. आणि पुढच्या वेळीपण बोला." मेतकूटवालीनं कृती मागितली आणि वर दोन किलो मेतकूटही मागितलं. ज्याला माल देणार नाही म्हटलं होतं, त्यानं बापाला महिनाभरासाठी तिकडं बोलावून घेतलं आणि त्याच्या पाच मित्रांची नावं पाठवली: यांनापण झापा.

आता बोला! मी विहिरीतून वर यायला दोर टाकला, तर त्याला धरून आणखी पन्नास माणसं आत उतरली.

आणि आप्पा. ती सोळा पत्रं त्यांनी गल्ल्यावर वाचली. पहिलं वाचून चष्मा काढला. दुसरं वाचून डोळे पुसले. मागच्या खोलीच्या दाराशी आले. मला वाटलं, आता ओरडणार, मला तेच हवं होतं. तर म्हणाले, "पोट हाय का पोतं. अगदी अस्संच म्हनायची ती. हुबेहूब, चंदना. कुठं शिकलीस?"

कुठं शिकले! न्हाणीघरात शिकले. पण काय सांगणार? त्या माणसाचा चेहरा इतका निवळला होता, की खरं सांगवेना. मला कळून चुकलं, की दार मी माझ्याच हातानं लावून घेतलंय, आणि कडीसुद्धा आतून.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. पंचवीस दिवस हातात होते. बोलायची तऱ्हा म्हणजे तोंड ना? मग ही तऱ्हा दुसऱ्या कुणाला तरी यायला हवी. पारसला बसवून बघितलं. दोन ओळी लिहून म्हणाला, "वैनी, मला न्हाई जमायचं. बाप्याला कुठं हे येतं?" आणि गेला चहा प्यायला. बाप्याला येत नाही. बाप्याला भाकरी थापायला येत नाही, घरचं विचारायला येत नाही, आणि बसायलाही येत नाही. सगळं येतं ते बायकांना, म्हणूनच बायका बसतात.

राहिली ब्राह्मी. माझी नणंद, वय अठरा, नुकतीच बारावी झालेली. आक्कांचीच लेक. रंग आईचा, जीभ आईची. दुपारी रिकामीच होती, फार्मसीच्या प्रवेशयादीची वाट बघत. मी म्हणाले, "ब्राह्मी, गंमत शिकवते, बस." पहिल्या दिवशी मी सांगितलं, तिनं लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती लिहायला लागली आणि मी हसून हसून मिरचीच्या पोत्यावर पडले. माझ्यापेक्षा सरस! "लग्न ठरलं म्हणून कळवलंस, मुलगी काय करते ते कळवलं नाहीस. चटणीचा डबा आहे का ती, नुसता रंग सांगायला?" मला हे जन्मात सुचलं नसतं. ती खुश होती. म्हणायची, "वैनी, लिहिताना आईच बोलतीया असं वाटतंय गं."

दहा दिवस सगळी पत्रं ब्राह्मीनं लिहिली. छापून आप्पांकडं गेली, आप्पांनी वाचली, कप्प्यात ठेवली. कुणाला काही कळलं नाही. सत्तावीस जुलैला, मंगळवारी, मी आप्पांसमोर उभी राहिले आणि सांगितलं, "आप्पा, दहा दिवस मी एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळं ब्राह्मीनं लिहिलंय. तुम्हालासुद्धा फरक कळला नाही. आता तरी मला जाऊ द्या."

आप्पांनी कप्प्यातले कागद काढले, पुन्हा वाचले. मग माझ्याकडं बघून हसले. "मानलं बाई तुला. जा. खुशाल जा साताऱ्याला."

मी त्यांच्या पाया पडले. आनंदानं मला धड पायऱ्या दिसेनात. ट्रंक काढली, चार साड्या भरल्या, शाळेत न्यायला म्हणून कॉलेजातली प्रयोगवही भरली. पिठाच्या डब्यातलं पत्र काढून झटकलं. आईला फोन केला. दोन दिवस मी घरात गाणं म्हणत होते, आणि मला गाणं येत नाही.

गुरुवारी पोस्टानं ब्राह्मीचं पत्र आलं. कऱ्हाडला फार्मसीला नंबर लागला होता. शनिवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा पुढच्याला. ती पत्र घेऊन नाचत दुकानात गेली. मी मागोमाग गेले पेढे आणायला म्हणून.

आप्पांनी पत्र वाचलं. घडी केली. "आता कशाला गं कऱ्हाड?" म्हणाले, अगदी प्रेमानं. "हितं बस की. बी.ए. कर बाहेरनं. परीक्षेपुरतं गेलं की झालं. वैनी चाललीया, मग आक्काचं कोण बघणार?"

आवाज चढला नाही, काही नाही. गिऱ्हाईकाला चिमूट जास्त घालावी तसं म्हणाले. ब्राह्मीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, तिला पाठवा. दुसरं कुणी तरी बघू." ते म्हणाले, "दुसरं कोण? तूच म्हनालीस न्हवं, फरक कळत न्हाई." यांच्याकडं बघितलं, तर हे हळदीचं पोतं शिवत होते. सुई चुकून बोटात घुसली असती तर बरं झालं असतं.

ब्राह्मी रडली नाही. ती रडली असती तर मी तिला जवळ घेऊन, होईल गं सगळं ठीक, असं काहीतरी खोटं बोलून सोमवारची गाडी पकडली असती. ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि तीन ते पाचची पत्रं लिहायला बसली. मी दारात उभी. अठरा वर्षांची पोर, पदर नाही तर ओढणी, पण पाठीची कमान अगदी आक्कांची. खाली वाकलेली.

त्या दिवशी न्यू जर्सीहून सईचं पत्र आलं होतं. सई म्हणजे मूळची इथली, सांगलीतल्या विश्रामबागची, दर महिन्याला मेतकूट मागवायची. लिहिलं होतं, सासूबाई इकडं राहायला येताहेत, नवरा म्हणतो तू नोकरी सोड. सोडू का? आक्का, तुम्हीच सांगा. ब्राह्मीनं उत्तर लिहून पडद्यावर तसंच ठेवलं होतं. मी वाचलं.

"नोकरी सोडलीस तर मला तोंड दाखवू नकोस. सासू येतेय म्हणजे काय वाघ येतोय? नवऱ्याला विचार, सोडायची तर तू का सोडत नाहीस? एकदा बसलीस ना घरात, की कुणी उठवत नाही. आधी सगळे चार दिवस बस म्हणतात. ऐकू नकोस. मी सांगते, ऐकू नकोस."

हे आक्का म्हणत नव्हत्या. आक्का हे कधीच म्हणाल्या नाहीत. हे ती पोरगी म्हणत होती, आणि तेही सात समुद्रापलीकडच्या बाईला. कारण पाच पावलांवर बसलेल्या बापाला म्हणायची सोय नव्हती.  ही खुर्ची मी तिच्यासाठी ओढली होती. माझ्या हातानं, गंमत शिकवते म्हणून. स्वतः सुटायचं म्हणून मी आक्कांची लेक आक्कांच्या जागी नेऊन बसवली होती.

"ऊठ," मी म्हणाले.

"वैनी, अजून चार पत्रं राहिल्यात."

"ऊठ म्हणते ना! कानात बोळे घातलेस का?"

ती उठली. सईचं उत्तर मी जसंच्या तसं पाठवलं आणि तशीच गल्ल्यावर गेले. एक गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोरच बोलले. लाज सोडली. "आप्पा, ब्राह्मी कऱ्हाडला जाणार. उद्या पारस तिला घेऊन जाईल आणि फी भरून पावती मला आणून दाखवेल. पुढची चार वर्षं तिला कुणी परत बोलवायचं नाही. पत्रं साठली म्हणून नाही, सीझन आहे म्हणून नाही. शब्द द्या."

आप्पांचा शब्द म्हणजे शब्द, हे पेठेत कुणीही सांगेल. त्यांनी विचारलं, "आनि हितं?"

"इथं मी आहे."

"आनि तुझं सोमवारचं?"

मी गिऱ्हाईकाची पुडी बांधायला घेतली. बोलले असते तर आवाज फुटला असता आणि मला गिऱ्हाईकासमोर रडायचं नव्हतं.

"दिला शब्द," आप्पा म्हणाले. आणि वर म्हणाले, "तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं." मला त्या क्षणी इतका संताप आला, की समोरचं वजन उचलून फेकावं वाटलं. पण फेकून करणार काय? परत मीच उचलून ठेवणार.

शुक्रवारी पारस पावती घेऊन आला. शनिवारी मी शाळेला पत्र टाकलं, घरगुती अडचणीमुळे रुजू होता येत नाही. दोनच ओळी. मुख्याध्यापकबाईंनी मुलाखतीत माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं, म्हणून ते नीट काढलं. आईला मात्र फोन करायचा धीर झाला नाही. यांनी केला. या माणसानं माझ्यासाठी केलेलं तेवढं एक काम.

रविवारी ब्राह्मी गेली. एस.टी.च्या खिडकीतून माझा हात सोडेना. मी म्हणाले, "सोड आता. गाडी काय तुझ्यासाठी थांबणार आहे का?" तेव्हा कुठं ती हसली आणि मग रडली.

सोमवारी साडेदहाला मी मिरचीच्या पोत्याशेजारी होते. अकराला इंटरनेट लावलं. पहिलंच पत्र सईचं. पारसनं ते छापून आप्पांना दिलं, तेव्हा आप्पा मागच्या खोलीच्या उंबऱ्याशीच होते. त्यांनी ते उभ्यानंच, नेहमीसारखं ओठ हलवत वाचलं.

"आक्का, तुमचं ऐकलं. नोकरी सोडली नाही. नवरा दोन दिवस बोलला नाही, मग बोलला. सासूबाई आल्यात, त्या म्हणाल्या, बरं केलंस. तुमचा फोटो मी फ्रिजवर लावलाय. घाबरले की बघते. तुमच्यासारख्या बाईला आयुष्यात कुणी अडवायची हिंमत केली नसेल, नाही का हो?"

आप्पांचे ओठ त्या ओळीवर थांबले. पुढं हलेनात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मी नजर हलवली नाही. म्हटलं, बघू तर काय म्हणतात. एवढं एक तरी म्हणू देत.

दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. "आप्पासो, हायसा का?" म्हणून हाक आली.

"उत्तर दे तिला," आप्पा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"काय देऊ?"

  "तूच बघ," म्हणाले आणि कागद माझ्या हातात देऊन गल्ल्यावर गेले. "या, बसा," ते त्या गिऱ्हाईकाला म्हणाले, "म्हातारी कशी हाय?"

मी शिंकले, डोळे पुसले आणि लिहिलं, "खरंय गं बाई. मला कोण अडवतंय!" आणि पुढचं पत्र उघडलं. त्या दिवशी एकूण सत्तावीस होती.